आमाले काही मालूम नाही

कोणी काहीही सांगितलं की साहेब आधी चष्मा काढत आणि विचारत, "हे तुमाले कोनं सांगितलं?" आज नळ येणार नाही म्हटलं तरी हेच. मग सांगणाऱ्यालाच आपल्या नळाविषयी शंका यायची.

साहेब रिसालीत, पोलाद प्लांटजवळच्या आमच्या वस्तीत, शेजारी राहायला आले ते निवृत्त होऊनच. केंद्र सरकारच्या गुप्तवार्ता खात्यात ते फार वरच्या जागेवर होते, एवढं गल्लीला कळलं होतं. कसं, ते विचारू नका. साऱ्या कारकिर्दीबद्दल त्यांचं एकच वाक्य असे, "सरकारी नोकरी होती, झाली." घरात निरोपाची एक शाल होती. ती कोणी दिली, कुठे दिली, हे वहिनींनाही ठाऊक नव्हतं.

गल्लीला मात्र त्यांनी शिस्त लावली. "बाहेरचा मानूस कोनाच्याबी घरची चौकशी करून राहिला, तं म्हनायचं, आमाले काही मालूम नाही." आम्ही प्लांटमधली माणसं, सेफ्टीचे नियम पाठ करायची सवय होती. हाही केला.

त्यांच्या मुलीला गोंदियाचं स्थळ आलं. दोघं एकमेकांना आवडली. रीतीप्रमाणे मुलाचा मामा गल्लीत चौकशीला आला. चार घरं फिरला. माणूस कसा आहे? मालूम नाही. नोकरी कुठे होती? मालूम नाही. माझ्याकडे त्याने चहा घेतला आणि विचारलं, "तुमी शेजारीच राहता न?" मी म्हणालो, "पक्कं नाही सांगता येत." तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

आठ दिवसांनी नकार आला. ज्या माणसाबद्दल शेजारीसुद्धा तोंड उघडत नाहीत, त्याच्याशी सोयरीक नको म्हणे. मुलीने जेवण टाकलं. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, एखादी गोष्ट तं चांगली सांगायची होती." मला फार वाईट वाटलं.

साहेब मला घेऊन गोंदियाला गेले. मुलाच्या वडिलांनी सरळ विचारलं, "इतके वर्ष करत काय होते तुमी?"

साहेबांनी चष्मा काढला. "ते नाही सांगता येत. पोरीच्या एकाबी वाढदिवसाले घरी नव्हतो, एवढं सांगतो. म्हनून तिच्यासाठी असं घर पाहिजे, जिथं मानूस संध्याकाळी घरी येते."

वडिलांनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "आमचा पोरगा रोज साडेसहाले येते."

"सहा चाळीसले," साहेब म्हणाले.

लग्न विहारात लागलं.

साहेब जाऊन दोन वर्षं झाली. वहिनी मुलीकडे असतात, फाटकाला कुलूप आहे. परवा एक अनोळखी म्हातारा हातात हार घेऊन माझ्या फाटकाशी आला. "साहब का घर कौन सा है?"

"हमको कुछ नहीं मालूम," मी सवयीने बोलून गेलो.

त्याने समाधानाने मान हलवली, सरळ शेजारच्या फाटकाशी गेला, कुलपावर हार घातला आणि निघून गेला. घर त्याला कोणी सांगितलं, हे विचारणारं आता गल्लीत कोणी नाही.