दिगंबरनं बदललेला पत्ता

दिगंबर गेल्याचं त्याच्या बायकोनं, वहिनींनी, फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “यातही माझ्या आधी?” वहिनी रडता रडता हसल्या. महिना झाला... लाज अजून वाटते. जळफळाटही गेलेला नाही.

गोदावरीच्या दोन्ही काठांवर माझ्याएवढा प्रोग्रामर नाही, असं नांदेडात मी स्वतः सगळ्यांना सांगायचो. लातूरच्या दिगंबरबद्दल लोक आपणहून सांगायचे. खुपायचं ते हेच.

लातुरात माणसांपेक्षा क्लासेस जास्त झाले, तेव्हाची गोष्ट. एका क्लासच्या सरांसाठी मी निकालाचा प्रोग्राम केला. माझ्या घरी तो असा पळायचा की पंख्यानं लाजावं. सीडी घेऊन लातूर गाठलं, हजारभर पालकांसमोर (बरं, चाळीस असतील) बटण दाबलं... ढिम्म. स्क्रीनवर नुसतं ‘लायब्ररी सापडत नाही.’ “लातूरच्या विजेत दम नाही,” मी ठोकून दिलं. सर म्हणाले, “उद्या सकाळी चाललं तर ठीक. नाहीतर दिगंबररावांना सांगतो.”

आता जायचं कुणाकडं? दिगंबरकडंच!

त्यानं सीडी उघडली आणि मांडीवर थाप मारली. “येड्या, लायब्ररीची, म्हंजे प्रोग्रामला लागणारी जोडफाइल सोबत आणलीस, पण प्रोग्राम तिला दुसऱ्याच नावानं हाका मारायलाय. ते नाव म्हणजे नुसती चिठ्ठी, सिम्बॉलिक लिंक. खरी फाइल कुठं हाय ते सांगणारी. अन् तुझ्या चिठ्ठीवर पत्ता नांदेडच्या मशीनचा! इथं कशी सापडंल?”

“मग?”

“भूकंपानंतर आमचं औशाकडचं गाव दुसरीकडं वसलं. पोस्टमन जुन्या पत्त्यावर जायचा, दगड बघून परत यायचा. मग आई पत्ता द्यायची, ‘पाटलाच्या शेजारी’. गाव हललं तरी शेजार तोच होता ना. तूबी चिठ्ठीत एवढंच लिही, ‘याच फोल्डरात, शेजारी’.”

सकाळी प्रोग्राम धावला. “माझीच युक्ती,” मी छाती फुगवून सांगितलं. मागच्या बाकावर दिगंबर बसला होता. आदल्या दिवशी मला युक्ती सांगितली नसती, तर काम त्याचंच होतं. उलट पहिली टाळी त्यानंच वाजवली. ती टाळी मला आजही टोचते.

परवा वहिनींनी त्याचा जुना कॉम्प्युटर दिला. त्यात माझा प्रोग्राम जपलेला, फोल्डरचं नाव ‘रमेशचा’. तो मी नांदेडच्या नव्या मशीनवर उतरवला. मनात म्हटलं, आता तरी अडेल, बसेन तासभर त्याच्या चिठ्ठ्या उलगडत... बटण दाबलं. पहिल्या फटक्यात चालला.

एक चूकसुद्धा ठेवली नाही लेकानं माझ्यासाठी.