जावेने एंटर दाबलं आणि अव्वाची रांगोळी आली

मंडळी, इथले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. घाबरलेल्या माणसाला काहीही दिसतं, असं माझं मत. पण माझ्या बाबतीत झालं ते भरदुपारी, चहा पिताना, भवानी पेठेतल्या (पुण्याच्या नव्हे, आमच्या गावच्या) आमच्या हॉलमध्ये...

साठी उलटल्यावर मी फोनवर व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकले. लेकाचा जुना लॅपटॉप होताच. त्यावर ठिपक्यांच्या रांगोळीचा प्रोग्राम लिहिला. एंटर दाबलं की कॉम्प्युटर आपल्या मनाने ठिपके जोडतो – दर वेळी नवी रांगोळी. अट एकच घातलेली, रेघ कुठेही उघडी राहता कामा नये.

हा खटाटोप कशासाठी, तर सासूबाईंसाठी. त्यांना आम्ही अव्वा म्हणायचो. त्या दारात रोज एक कमळ काढायच्या, एक पाकळी मुद्दाम उघडी सोडलेली. शिकवा म्हटलं की म्हणायच्या, "बघून शीक की!" मला ते कधी जमलं नाही... आणि त्या गेल्या.

परवा धाकटी जाऊ होटगीहून आली. तिने जन्मात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. म्हटलं, बघ माझी करामत, दाब हे बटण.

तिने दाबलं. कमळ आलं. एक पाकळी उघडी!

"अगं बया! अक्का, ही तर अव्वाची! तुमी घातली व्हय ह्यात?"

"मी कुठली घालतेय? दाब परत."

परत तेच कमळ. मग मी दाबलं – आली आपली एक चौकट, नीटनेटकी, सगळ्या रेघा बंद.

"ही बी चांगली हाय की," जाऊ म्हणाली. असा राग आला मला!

तिने काढलेला स्क्रीनचा फोटो आणि माझा प्रोग्राम लेकाला पाठवला. त्याने तिकडे पुण्यात बसून माझा सगळा कोड तपासला. म्हणाला, "आई, ह्यात उघडी रेघ येऊच शकत नाही." मग आली कशी?

पण खरं सांगू, मला सलतंय ते वेगळंच. अव्वांचं दुखणं-खुपणं मी काढलं, ही सणावाराला यायची. प्रोग्रामही माझाच. मग कमळ तिच्याच बोटाला का? आता तिने तो फोटो डीपीला लावलाय – खाली 'अव्वाचा आशीर्वाद'! मी रोज दाबते, रोज चौकटीच येतात.

काल तिचा फोन आला. "अक्का, येऊ का परत दाबायला? तुमाला लई आवडलीवती की."

"नको गं, आमच्याकडे लाइट नाही," म्हटलं.

डोक्यावर पंखा गरगरत होता.