कमानीखालची खुर्ची

कुंदाक्का दर रविवारी इरकल नेसून, अंबाडा घालून, लग्नघरी निघाल्यासारखी निघायची. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात दहीभाताचा डबा. धारवाडात आमची दारं समोरासमोर. "अक्का, कुठं?" असं मी मुद्दाम विचारायचे आणि ती ठरलेलं उत्तर द्यायची, "एका माणसाचा रविवार नासवून येते की."

ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आमच्या माळमड्डी भागातल्या निम्म्या बायकांनी तिची छडी खाल्लेली, त्यात मीही आले. कुंदाक्का म्हणेल ते खरंच असणार, हा आमचा समज. तो नव्वदच्या दशकात एका सागवान कंपनीच्या साहेबानं बरोबर हेरला. ऑफिस हुबळीत कोप्पीकर रोडला, जमीन कलघटगीच्या वाटेवर. आपल्या नावानं रोप लावायचं, कंपनी ते वाढवणार आणि म्हातारपणी लाकडाचे पैसे आपले. साहेबानं निवृत्त कुंदाक्काच्या हातून एक रोप लावून घेतलं आणि तो फोटो पत्रकावर छापला. तो बघून अख्ख्या गल्लीनं रोपं घेतली. तिची धाकटी बहीण वत्सला अळणावरला दिलेली. तिनं लेकीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या मोडून पैसे भरले. दोघींचा तोंडवळा इतका एक की लहानपणी एकीच्या खोडीचा मार दुसरी खायची.

काही वर्षांनी कंपनीची पत्रं थांबली, मग ऑफिसला कुलूप लागलं. "तुझ्या तोंडाकडं बघून दिले होते," एवढं म्हणून वत्सलानं बोलणं टाकलं. तिच्या लेकीचं लग्न झालं, त्याची पत्रिकासुद्धा आली नाही. पैसे बुडाले तेव्हा कुंदाक्का रडली नव्हती, त्या दिवशी रडली. मी म्हटलं, वकील गाठू. "कोर्टात मीच मरेन ग, तो नाही," ती म्हणाली.

नवं शतक लागलं आणि त्या ऑफिसवर नवी पाटी चढली. जुन्या पाटीवर झाड होतं, हिच्यावर बंगला काढला होता. साहेब तोच, फक्त पोट सुटलेलं. उरलासुरला साग तोडून त्यानं त्याच जमिनीत प्लॉट पाडले आणि नाव ठेवलं 'सागवन नगर'. निर्लज्जपणाची कमाल म्हणजे नव्या पत्रकावर कुंदाक्काचा तोच जुना फोटो, खाली 'विश्वासाची परंपरा'. तिनं ते पत्रक घडी घालून पिशवीत टाकलं. मग धाकट्या बहिणीला मारावी तशी मला कानडीत हाक मारून म्हणाली, "तंगी, कपाटातली माझी इरकल काढ."

प्लॉट दाखवायला रविवारी कंपनीची फुकट बस जायची, वर जेवण. आम्ही दोघी चढलो. फोटोतल्या टीचर साक्षात आल्या म्हणून सेल्समन हरखला आणि जेवताना त्यानं तिला दोन शब्द बोलायला उभं केलं. ती वर्गातल्या आवाजात, कन्नडमध्ये सुरू झाली, "नन्न गिड इल्ले इत्त री." माझं झाड इथंच होतं. "आता तिथं साहेबांची पाण्याची टाकी आहे. माझ्या बहिणीचं झाड ह्या मांडवाखाली. होळिगे घ्या की, सावकाश जेवा." कुणाच्या घशाखाली ती पुरणाची होळिगे उतरली नाही आणि प्लॉट एकही गेला नाही.

पुढच्या रविवारी तिला बसमध्ये घेईनात. ती सरकारी बसनं गेली आणि सागवन नगराच्या कमानीखाली, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसली. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवायची, पत्रक गालाशी धरायची. "ह्या फोटोतली मीच, री. विचारा काय विचारायचं ते." पुष्कळ गाड्या तिथूनच वळायच्या. शेवटी एका रविवारी, मी सोबत असताना, साहेब स्वतः आला, वाकून नमस्कार केला. "टीचर, कोपऱ्याचा प्लॉट तुमच्या नावावर करतो. तुम्ही घरी आराम करा."

"माझी बहीण आणून दे," कुंदाक्का म्हणाली, "मग करते आराम."

साहेबाच्या शर्टाला घामाचे ओघळ लागले होते. मला त्याची कणभर दया आली नाही, उलट घरी येऊन मी शिरा केला. त्या वर्षांत रविवारसारखा दिवस नव्हता. ऊन असो, ताप असो, कुंदाक्काचा एकही रविवार चुकला नाही. "राग शिळा झाला की नासतो ग," ती म्हणायची, "रोज ताजा करावा लागतो."

एका थंडीत ती झोपेतच गेली. बातमी कळताच साहेबानं ऑफिसात पेढे वाटले. ते कोप्पीकर रोडवरच्या दुकानदारानं मला सांगितलं आणि माझं अंग पेटलं. तेराव्याला वत्सला आली. मी तिला सगळं सांगितलं, खुर्ची, टाकी, पेढे, आणि अक्कानं साहेबाकडं काय मागितलं तेही. ती भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडली. डोळे पुसून झाल्यावर तिनं विचारलं, "कलघटगीची बस किती वाजता असते?"

त्या रविवारी कमानीला झेंडूच्या माळा होत्या, कंपनीची बस गच्च भरून आली होती. मागून साहेबाची गाडी आली आणि कमानीपाशी करकचून थांबली. घडीच्या खुर्चीत, कुंदाक्काची इरकल नेसून, कुंदाक्काचाच चेहरा बसला होता, गालाशी पत्रक धरून. साहेब खाली उतरला आणि गाडीचं दार धरून उभा राहिला.

"काय रे साहेबा," वत्सला म्हणाली, "पेढे संपले का?"