तिसरा पोचा

दाबूकाकांनी आयुष्यात पत्र्यावर हातोडा उगारला नव्हता. गाडीला पोचा पडला की ते मागून वाकडी सळई घालत आणि मोहरीएवढं दाबत दाबत, रंगाला धक्का न लावता पत्रा जागेवर आणत. नाव पडलं ते त्यावरूनच. घरातही आवाज चढायचा नाही. बायको म्हणायची, "तुम्हाला राग येतो, की तोही आतल्या आत दाबता?"

पोचा बघून कशाने ठोकलं हे ते सांगत. जावयाला मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. वर्षभरात त्याने दोन पोचे आणले, दोन्ही वेळा "खांब लागला" म्हणाला. घरचाच माणूस! काकांनी मुकाट्याने काढून दिले.

त्या सकाळी तिसरा आला, बॉनेटच्या मधोमध. शेजारच्या सीटवर लेक, डोक्याला घट्ट स्कार्फ.

"पुन्हा खांबच, बाबा," जावई हसला. "संध्याकाळपर्यंत होईल ना?"

काकांनी ट्यूबलाइट जवळ ओढली. खळगा उथळ, पसरट, रंग शाबूत. खांबाने रंग खरवडला असता. कडेला टाचणीच्या डोक्याएवढा एक बारीक ठसा होता.

त्यांनी लेकीला खाली उतरवून स्कार्फ सोडला. कपाळ काळंनिळं झालं होतं. कानाची पाळी फाटली होती आणि कानातलं नव्हतं.

"बाबा, तिचा तोल गेला म्हणून..."

सळई फिरली. जावयाच्या मनगटाचं हाड मोडलेलं अख्ख्या गॅरेजने ऐकलं. काकांनी त्याची मान धरून तोंड त्याच बॉनेटवर आपटलं, एकदा, दोनदा. दात तुटला. पांढऱ्या रंगावर रक्त ओघळलं. तिसऱ्यांदा मान उचलली तेव्हा लेकीने त्यांचा हात धरला.

"बास, बाबा! मेला तर तुरुंगात तुम्ही जाल."

काकांनी मान सोडली. जावई हात पोटाशी धरून रस्त्याकडे पळाला.

तेव्हा कुठे काकांचं लक्ष पत्र्याकडे गेलं. लेकीच्या डोक्याचा ठसा नवऱ्याच्या डोक्याखाली पार मोडून गेला होता.

"पोलिसांना काय दाखवणार गं? दोन मी काढून दिले. हाही माझ्याच हातून गेला."

"माझं कपाळ आहे की." तिने स्कार्फ पिशवीत कोंबला. "आणि आधीच्या दोन्ही वेळा मी गाडीतच बसले होते, बाबा. वाटायचं, पोचा बघून आज तरी विचाराल."