नाव शेवटी

मंदामावशी सकाळी अकराच्या आत मायक्रोस्कोपला हात लावायची नाही. बेव्हर्ली पार्कजवळच्या आमच्या डोळ्यांच्या लॅबमधली ती सगळ्यांत जुनी टेक्निशियन. यायची आठलाच, पण नुसत्या काचपट्ट्या पुसत बसायची. "मावशीचा सूर्य अकराला उगवतो," असं मी सगळ्यांसमोर म्हणायचे. ती हसायची. जीभ कशी झडली नाही माझी!

डॉक्टर मी, पण बघायला शिकवलं तिने. जुन्या भायंदरच्या कोळीवाड्यातली ती. तिचा एकच नेम: काचपट्टीवरचं नाव बोटाने झाकायचं, पेशी बघायच्या, निदान मोठ्याने सांगायचं, मग नाव. "नाव आदी वाचला का डोला मया करतं," म्हणायची. एकदा ओळखीच्या मुलीचं नाव वाचून मी जरा सौम्य रिपोर्ट लिहिला, तर दिवसभर अबोला. संध्याकाळी पट्टी परत माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "बघ परत, डागतरीण."

मग गुडघ्यांचं कारण सांगून तिने काम सोडलं. निरोपाला डबाभर तळलेले बोंबील आणले होते.

काही महिन्यांनी कॉर्निया बदलण्याच्या ऑपरेशनमधून काढलेला एक तुकडा तपासायला आला. मी नेमाने नाव झाकलं. आतल्या पडद्यावर गाठीच गाठी, पेशी जवळजवळ संपलेल्या, उरल्यासुरल्या ताणून पातळ झालेल्या. या आजारात झोपेत कॉर्नियात पाणी साचतं. सकाळी सगळं धूसर दिसतं, दुपारकडे निवळतं.

"वा! पुस्तकात छापावी अशी केस!" मी ओरडले. "इतकी वर्षं झोपला होता का हा पेशंट?"

बोट काढलं. मावशीचं नाव होतं.

फार उशीर झाला होता. बसवलेला कॉर्निया टिकला नाही, दुसरा डोळाही त्याच वाटेवर. मी तिच्या घरी गेले आणि दारातच रडायला लागले.

"मावशी, सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितला असता तर मशीनवरशी उठवला असतास मना." माझ्या तोंडाच्या जरा बाजूला बघत तिने विचारलं, "नाव आदी वाचला व्हतास?"

"नाही गं."

"मंग बराबर लिवला असशील."

सहा वर्षं ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसत होती, आणि तिचे डोळे मी पहिल्यांदा बघितले ते काचेवर.

लॅबमधल्या नव्या पोरींना मी तिचाच नेम शिकवते. स्वतः मात्र हल्ली नाव आधी वाचते. डोळ्याने मया केली तर करू दे.