पंखा चालू, खुर्च्या रिकाम्या

नगरला आमचं ऑफिस एका मोठ्या सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाला आहे. ठरलेल्या विहिरींत टेप सोडून पाणी किती खोल गेलंय ते मोजायचं, हे आमचं काम. पण ते कुणाला ठाऊक असेल तर शपथ! लोक नळाला पाणी नाही म्हणून आमच्याशी भांडायला येतात. इथले पेपरवाले आम्हाला कधी पाटबंधारे करून टाकतात, कधी पाणीपुरवठा. माझं डोकं फिरायचं. मावशी नुसत्या हसायच्या. मावशी म्हणजे आमच्या शिपाई, रिटायर व्हायला आलेल्या.

मोजणीच्या दिवसांत आम्ही सगळे जीप घेऊन तालुक्यांत पांगतो आणि ऑफिस मावशींच्या हवाली असतं. पण साहेब असोत नसोत, मावशी खुर्चीवर बसल्या असतील तर बघा. पिशवी मांडीवर घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं, आल्यागेल्याला पाणी द्यायचं, ही त्यांची रीत.

असाच एक वार्ताहर आला. त्यालाही त्यांनी पाणी दिलं. त्यानं विचारलं, कधीपासून बसलाय? मावशींनी खरं ते सांगितलं, सकाळपासून. झालं! पठ्ठ्याने पुढे काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आम्ही. पंखा चालू, खुर्च्या रिकाम्या, अधिकारी गायब. शेजारी बाकावरच्या मावशींचा मोठा फोटो आणि खाली ओळ, 'कामासाठी सकाळपासून ताटकळलेली वृद्धा'. ऑफिसचं नाव अर्थात पाणीपुरवठा, जरी दारावरची पाटी फोटोत स्वच्छ दिसत होती.

ती पाटी वरच्या ऑफिसात मात्र बरोबर वाचली गेली. आम्ही दौऱ्यावर होतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून नोटीस आली ती मावशींना. ऑफिस उघडं टाकून कुठे होतात? ऐन निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली तर पेन्शनचे कागद अडकणार. मावशींनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही. मला तर रडूच आलं, आणि मग असा संताप आला की फोन करून त्या वार्ताहराची बिनपाण्याने केली.

तो लगेच आला. झेरॉक्सचं दुकान सांभाळून बातम्या देणारा, तसा भला माणूस. "अहो, पण ह्याच म्हणाल्या, सकाळपासून बसलेय," तो म्हणाला.

"मग शिपाई ड्युटी कशी करतात?" मी विचारलं.

तो मावशींकडे बघतच राहिला. खाली मान घालून त्याने चूक आपली असल्याचं तिथेच लिहून दिलं. नोटिशीच्या उत्तराला मी तो कागद जोडला आणि वर त्याच बातमीचं कात्रण. गैरहजर म्हणता ती बाई ही काय, बाकावर बसलीये. नोटीस मागे घेतली गेली. पेपरात कोपऱ्यात खुलासाही आला. त्यात आम्ही पाटबंधारे होतो. म्हटलं, जाऊ दे, कपाळ माझं!

मावशींच्या निरोपाला तो वार्ताहर आला. खुलासा छान लॅमिनेट करून आणला होता. मावशींनी तो उलटसुलट पाहिला आणि परत केला. म्हणाल्या, हा नको, आधीचा द्या. मी भडकलेच. त्यात तुम्हाला वृद्धा म्हटलंय, सगळं खोटं छापलंय, तो कशाला घरात लावता?

"असू द्या, ताई," मावशी म्हणाल्या. "सारी नोकरी हितं गेली. पर हापिसातला माझा एवढा एकच फोटो हाय."

संध्याकाळी वार्ताहराचा फोन आला. आमच्या ऑफिसचं पूर्ण नाव त्याने माझ्याकडून सावकाश सांगून घेतलं, पुन्हा वाचूनही दाखवलं.

आता मावशींच्या घरी तो फोटो भिंतीवर आहे. खालची ओळ कापून टाकलीये. तिच्या जागी मावशींचं नाव, त्याखाली आमच्या ऑफिसचं. सगळं बरोबर.