सिंहांच्या वहीतले बारा दिवस

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला मुलाच्या घरी चहा गाळत होते. धुळ्याहून, देवपुरातल्या त्याच्या शेजाऱ्यांनी केला होता. सकाळी फिरायला म्हणून बूट घातले, खुर्चीत जरा टेकला आणि तिथेच... माझा धाकटा भाऊ, अडुसष्ट वर्षांचा. बसल्या जागी गेला हे मला खरंच वाटेना, कारण त्याला बसलेलं फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. जेवताना दोनदा उठायचा. पांझरेच्या काठाने फिरून यायचा आणि कुठल्या कुत्र्याला कुठल्या गल्लीतून कोणी हुसकलं त्याची बातमी आणायचा. आता दीड महिना झाला, आणि त्याची ती चुळबुळ माझ्या पायांत शिरलीय. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून परत. सून म्हणते, आई, गुडघे दुखतात ना तुमचे? दुखतात. पण त्याच्या सतरा वह्या टेबलावर पडल्यात आणि मला बसवत नाही.

भास्करने आयुष्याची बावीस वर्षं टांझानियातल्या एका अभयारण्यात सिंहांच्या मागे काढली. गेला होता डिझेल मेकॅनिक म्हणून, एका गुजराती व्यापाऱ्याच्या गॅरेजात. अभयारण्याच्या जीपा दुरुस्त करता करता चालवू लागला, आणि चालवता चालवता सिंहांचा अभ्यास करणारी मंडळी त्यालाच विचारू लागली, आज कळप कुठे सापडेल? भडगावला आमच्या आबांनी त्याला लहानपणापासून बैलबाजारात फिरवलं होतं. बैल रंगाने नाही, खुणेने लक्षात ठेवायचा, हे आबांचं शिक्षण. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी काळे ठिपके असतात, प्रत्येकाचे वेगळे; कानाच्या खाचा वेगळ्या. भास्करने ते चेहरे पेन्सिलीने वह्यांत उतरवले. पत्रात लिहायचा, कळपातल्या सिंहिणी म्हणजे घरच्या लेकी, नर सगळे घरजावई. दोन-तीन वर्षं मिरवतात, मग नवे येतात, जुन्यांना हाकलतात आणि त्यांचे बछडे मारून टाकतात. परका नर आधी डरकाळी फोडत नाही, मुकाट हद्दीत शिरतो. मी ही पत्रं भिशीत वाचून दाखवायची आणि घरजावयांवर आम्ही बायका खूप हसायचो.

तर या वह्या तिकडे पाठवायच्या आहेत. भास्करच्या हाताखाली शिकलेली मरियम आता तिथली मोठी अधिकारी आहे. तिने मोबाईलवरून पानांचे फोटो मागवले, मग व्हिडिओ कॉल केला. ती इंग्रजीत बोलत होती, नात राधा मला सांगत होती. वह्यांमध्ये खाडे थोडेच आहेत आणि प्रत्येक खाड्याचं कारण भास्करने लिहिलंय. ताप. पूर. गाडीचा पाटा तुटला. फक्त एका ठिकाणी बारा दिवस कोरे आहेत, कारण नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत नदीकाठच्या कळपावर तीन नव्या नरांनी ताबा मिळवला. मरियमने विचारलं, हे असं कधी करत नसत ते. तुम्हाला काही ठाऊक आहे का? माझ्या तोंडून पटकन निघालं, नाही. खोटं बोलायला मला अजूनही वेळ लागत नाही.

तेव्हा तर मुळीच लागत नसे. मी पंचेचाळिशीची होते, पोळ्या लाटता लाटता साऱ्या गोताची लग्नं जमवणारी. ती बाई आज रस्त्यात भेटली तर मी वाट बदलेन. भास्कर चाळिशीकडे आलेला, बिनलग्नाचा, आणि मुक्ताईनगरकडचं केळीवाल्यांचं स्थळ चालून आलेलं. मी बोलावलं, तर त्याचं पत्र आलं: दोन जुन्या नरांपैकी एक लंगडतोय, हद्दीवर तीन अनोळखी नरांचे ठसे दिसलेत, कळपात सहा बछडे आहेत. या महिन्यात काहीतरी होणार, अक्का, मी इथून हलणार नाही. मी पत्र वाचलं. नीट वाचलं, म्हणूनच त्याला कशाने हलवता येईल ते मला समजलं. एसटीडी-आयएसडी बूथवरून त्याच्या ऑफिसात निरोप ठेवला, आई अत्यवस्थ आहे, लगेच ये.

चौथ्या दिवशी तो भडगावला दारात उभा. दाढी वाढलेली, अंगात कुणाचं तरी जाकीट. माय गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याचा चेहरा वरून पाहून ती घाबरली आणि म्हणाली, "कोन मरनं रे, भाऊ?"

भास्करने माझ्याकडे पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं... त्याने वर जाऊन मायच्या हातातली परात घेतली आणि उरलेले बिबडे घालून दिले.

परतीचं तिकीट लवकरचं मिळालं नाही. मुलगी पाहायलाही तो मुकाट आला. पोह्यांची बशी हातात धरून येरझाऱ्या घालत होता, मुलीचे वडील त्याच्याबरोबर मान फिरवत होते. परतताना मी विचारलं, कशी वाटली? म्हणाला, तिच्या मामाच्या डाव्या कानाला खाच शे. मुलीकडच्यांनीच नकार कळवला. मी मात्र सगळ्यांना सांगितलं, त्यालाच हौस आली होती लग्नाची, आला आणि हात हलवत गेला. इतकी वर्षं घरात हीच गोष्ट चालत आलीय. तो हजर असतानाही मी ती रंगवून सांगायची, आणि तो उठून पाणी प्यायला जायचा.

तो परत पोचला तेव्हा सहापैकी एकही बछडा नव्हता. जुने नर कुठे गेले तेही कळलं नाही. निवृत्त होऊन देवपुरात राहायला आल्यावर एकदा मी धीर करून विचारलं, तू तिथे असतास तर वाचले असते का? नाही म्हणाला. मध्ये पडायचं नाही, हा आमचा नियम. मग इतकं काय त्याचं, म्हटलं. तो खिडकीशी उभा होता. म्हणाला, "अक्का, देखनारं कोनीच नव्हतं."

मी माफी मागितली नाही. विषय बदलून भरताची वांगी महाग झाल्याचं सांगत बसले.

परवा ती वही उघडली. प्रत्येक खाड्याचं कारण लिहिणारा माणूस, आणि या बारा दिवसांपुढे त्याने काहीच लिहिलेलं नाही. खोटं त्याच्याने लिहवलं नसतं, आणि खरं लिहिलं असतं तर त्यात मी आले असते. मी इतकी वर्षं समजत होते की गोष्ट मी दाबून ठेवलीय.

राधाला सगळं सांगितलं. मग मी पेन्सिल मागितली आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं: माय ठणठणीत होती. बहिणीने खोटं सांगून बोलावलं. खाली माझं नाव घातलं. अक्षर वाकडं आलं, भास्करच्या शेजारी तर फारच.

राधा म्हणाली, "आजी, मरियमबाईंना इंग्रजीत काय कळवू?"

"हेच कळव," मी म्हटलं. "आणि मऊ करून लिहू नकोस."